एका रानाची कॉफी आणि आपला कापूस

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे ठरले आहे. ते बोलूच. पण त्याआधी थोडा वेळ कॉफीवर बोलणार आहोत. काहीजण गालात हसताहेत, ते दिसते आहे. ज्याच्या पऱ्हाटीला वरच्या पाण्याशिवाय पाणी नाही, त्याला कॉफीचे काय सांगता, असे तुमच्या मनात आले असेल. आमच्याही मनात आधी तेच आले होते. आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याच्या थंड हवेत थोडी कॉफी होते, एवढाच काय तो आपला आणि कॉफीचा संबंध, अशी आमची समजूत होती.

गेल्या हंगामात आम्ही काही कार्यकर्ते कर्नाटकात चिकमगळूरकडे गेलो. गेलो होतो दुसऱ्याच कामाला. मुक्काम पडला एका कॉफीवाल्या शेतकऱ्याच्या घरी. तिथे दोन दिवसांत जे पाहिले आणि ऐकले, ते कापूसवाल्यांनी ऐकावे असे आहे. कॉफी लावा, असे सांगायला आम्ही उभे नाही. माल पिकवणारा तोच, जमीन तीच, मग मालाला नाव कधी मिळते आणि कधी पुसले जाते, हा आजचा विषय आहे.

एका रानाची म्हणजे काय?

शहरातल्या मोठ्या दुकानांत आता एक नवा प्रकार निघाला आहे. पाकिटावर लिहिलेले असते की ही कॉफी अमुक डोंगरातल्या अमुक मळ्याची, अमुक वाणाची, इतक्या उंचीवरची, अमुक हंगामातली. दुसऱ्या कोणाचा दाणा तिच्यात मिसळलेला नाही. अशी कॉफी साध्या कॉफीपेक्षा दुपटीतिपटीने महाग जाते. शिकलेल्यांना यात मोठे नवल वाटते.

मायबहिणींनो, तुम्हाला यात नवल ते काय? काळ्या भारी रानातल्या शाळूची भाकरी आणि हलक्या रानातल्या ज्वारीची भाकरी तुम्ही डोळे मिटून ओळखता. हुरड्याला कोणाचे रान चांगले, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. घरी खायची ज्वारी आपण वेगळ्या कणगीत ठेवतो. ती एका रानाचीच असते. बाजारात मात्र आपली, शेजाऱ्याची आणि दहा गावांची ज्वारी एकाच ढिगात पडते. जी ओळख घरात असते, ती अडत्याच्या वट्यावर संपते. कॉफीवाल्याने एवढेच केले की ती ओळख वट्यापलीकडे, पिणाऱ्याच्या कपापर्यंत नेली. ते कसे जमले आणि आधी का जमत नव्हते, ते पाहू.

ढिगात हरवलेला दाणा

एक गोष्ट परदेशातली. मध्य अमेरिकेत पनामा नावाचा लहान देश आहे. तिथे बारू ज्वालामुखीच्या उतारावर बोकेते नावाचे गाव आहे. त्या भागात पीटरसन घराण्याचा हासिएंदा ला एस्मेराल्दा हा मळा आहे. या घराण्याने दुभती जनावरे पाळली, कॉफीही केली. त्यांच्या मळ्याच्या एका उंच भागात, हारामिल्योला, काही उंच, किरकोळ फांद्यांची झाडे होती. वाण गेशा. मूळ इथिओपियाच्या रानातले. 1930 च्या दशकात तिथून बी गोळा झाले, आफ्रिकेतून 1953 मध्ये कोस्टारिकाच्या संशोधन केंद्रात आले आणि 1960 च्या दशकात पनामात पोचले. झाड उंच, माल कमी. त्यामुळे शेतकऱ्यांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. पानावर ठिपके पाडणारा एक बुरशीचा रोग आला, तेव्हा ही झाडे त्यात टिकली, एवढेच लोकांच्या ध्यानात आले.

या झाडांचा दाणा वर्षानुवर्षे मळ्यातल्या बाकीच्या दाण्यात मिसळून विकला जात होता. मग घरातल्या मुलाने एक साधी गोष्ट केली. मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची फळे वेगळी तोडली, वेगळी वाळवली, वेगळी भाजली आणि प्रत्येकाचा कप चाखून पाहिला. एका तुकड्याचा कप बाकीच्यांपासून अगदी निराळा निघाला, फुलासारख्या वासाचा. तो माल 2004 मध्ये देशातल्या स्पर्धेत ठेवला. पहिला आला आणि लिलावात पौंडाला 21 डॉलर भाव निघाला. पौंड म्हणजे आपला अर्धा किलोसुद्धा नाही. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बाजारात साध्या कॉफीचा भाव बहुतेक काळ पौंडाला एक डॉलरच्या आत होता. 2007 मध्ये त्याच मळ्याच्या मालाला 130 डॉलर मिळाले आणि 2013 मध्ये 350 डॉलरच्या वर.

दाणा तोच होता, झाडे तीच होती. 2003 पर्यंत तो ढिगात होता, 2004 मध्ये ढिगाबाहेर आला. फरक फक्त एवढाच.

आता खरे सांगायचे तर सगळे सांगितले पाहिजे. या घराण्याने मूळ मळा 1960 च्या दशकात घेतला. घेणारा माणूस अमेरिकेतल्या एका फार मोठ्या बँकेचा अध्यक्ष होता. त्यांच्या घरी वाट पाहायला पैसा होता. ज्याला दिवाळीच्या आत सावकाराचे देणे फेडायचे आहे, त्याला चार तुकड्यांचा माल वेगळा ठेवून वर्षभर चाखत बसता येत नाही. आणि तो लिलावाचा भाव मळ्याच्या थोड्याशाच मालाला मिळतो. ही गोष्ट ऐकून कोणी उद्या सकाळी झाडे उपटून गेशा लावायला जाऊ नये.

चिकमगळूरच्या खळ्यावर

आता आपल्या देशातल्या घरी येऊ. बाबा बुडन नावाच्या फकिराने अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी तिकडची कथा आहे. त्याच डोंगराच्या बाजूला आम्ही उतरलो होतो. घरातले वडीलधारे गृहस्थ, सगळे त्यांना अज्जा म्हणतात, त्यांचा मुलगा, सून आणि नातू असे चौघे मळा पाहतात. तोडणीला मजूर येतात. कॉफी म्हटली की मोठमोठे साहेबी मळे आपल्या डोळ्यापुढे येतात. पण देशातल्या कॉफीच्या शंभर खातेदारांत अठ्ठ्याण्णवच्या वर दहा हेक्टरांच्या आतले आहेत. हे घरही त्यातलेच.

कॉफीचे झाड सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक आणि रानची झाडे, त्यांच्या बुंध्यावर मिऱ्याचे वेल. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर पडली की आठवड्याभरात सगळे रान पांढऱ्या फुलांनी भरते. ती सर चुकली की वर्ष चुकले. त्यांचेही नशीब आभाळाला टांगलेले, हे ऐकून आम्हाला अगदी घरच्यासारखे वाटले.

डिसेंबरचे दिवस होते, तोडणी चालू होती. फळ बोरासारखे, पिकले की लाल. चांगला माल करायचा तर फक्त लाल फळ तोडायचे, हिरवे झाडावर ठेवायचे, पुन्हा यायचे. म्हणजे एकाच झाडाला तीन-चार फेऱ्या. आपली वेचणी तशीच नाही का? बोंड उमलेल तसतसे वेचायचे. तोडलेले फळ त्याच दिवशी यंत्रात घालून त्याची साल काढतात. दाण्यावरचा चिकटा आंबवून सोडवतात, धुतात आणि मग खळ्यावर पसरतात. आंबवणे थोडे जास्त झाले की कपात आंबूस वास येतो. वाळवताना दिवसातून कितीदा तरी पाभरून हलवायचे, रात्री दव पडू नये म्हणून झाकायचे. ओल दहा-अकरा टक्क्यांवर आली की पोते भरायचे. साधारण सहा किलो फळांतून एक किलो कच्चा दाणा निघतो. तो भाजला की आणखी पाचवा-सहावा हिस्सा उडून जातो.

प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. कोणता तुकडा, कोणते वाण, कोणत्या तारखेची तोडणी. सूनबाईंनी खोलीत पाच पेले मांडले, पाच ढिगांतला दाणा भाजून, दळून, वर गरम पाणी ओतले आणि चमच्याने भुरका मारून आम्हाला चाखायला दिला. शंभरपैकी गुण द्यायची जगभर एक पद्धत आहे. ऐंशीच्या वर गेला तो माल खास. आम्हाला पहिल्या फेरीत पाचही पेले सारखेच कडू लागले. तिसऱ्या फेरीत मात्र एक पेला वेगळा वाटला. "हा ओढ्याच्या वरच्या तुकड्याचा," सूनबाई म्हणाल्या, "याला गिऱ्हाईक वेगळे, भाव वेगळा."

आम्ही अज्जांना विचारले, "हा तुकडा वेगळा आहे हे तुम्हाला आधी माहीत नव्हते?"

अज्जा म्हणाले, "माझ्या बापालाही माहीत होते. पण माहीत असून काय करायचे होते? आम्ही कॉफी पिकवत नव्हतो, वजन पिकवत होतो."

छपन्न वर्षांचा पूल

भावांनो, हे वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. कारण पुढची गोष्ट आपल्या घरची होती.

दुसऱ्या महायुद्धात युरोपचा बाजार बंद झाला. कॉफी पडून राहिली. बागायतदार बुडू नये म्हणून 1940 मध्ये सरकारने वटहुकूम काढला, 1942 मध्ये कायदा केला. सगळी कॉफी एका पूलमध्ये जमा करायची. कॉफी बोर्ड ती विकणार, सगळ्यांच्या मालाचे पैसे एकत्र करणार आणि प्रतीप्रमाणे गुण लावून वाटणार. त्या अडचणीच्या वर्षांत त्याचा आधार झाला, हे अज्जांनीही नाकारले नाही.

पण युद्ध 1945 मध्ये संपले, पूल संपला नाही. शेतकऱ्याने घरी पिण्यापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवायची, बाकी दाणा आणि दाणा पूलमध्ये. बाहेर विकली तर गुन्हा. स्वतःच्या रानात, स्वतःच्या घामाने पिकवलेला माल स्वतः विकणारा माणूस गुन्हेगार! पैसे हप्त्याहप्त्याने. पहिला हप्ता माल घातल्यावर, पुढचे जसा माल विकेल तसे. शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत पुढची पिके येऊन जात. दाणा मोठा की लहान, एवढी प्रत लागे. पण ओढ्याच्या वरच्या तुकड्याचा आणि खालच्या तुकड्याचा दाणा एकाच ढिगात. लाल फळ निवडून तोडणाऱ्याचा आणि हिरवेलाल एकदम ओरबाडणाऱ्याचा मालही प्रत सारखी लागली की एकाच ढिगात. मग निवडून तोडायची मजुरी कोण कशाला देईल? मालाचे एक मोठे गिऱ्हाईक होते सोव्हिएत रशिया. चवीची चौकशी फारशी नव्हती. माल भरला, पाठवला.

1989 मध्ये जगातला कॉफीचा कोटा करार मोडला. 1991 मध्ये सोव्हिएत रशियाच उरला नाही. तेव्हा कुठे पूलला तडे गेले. बागायतदारांनी मागणी लावून धरली. 1992 मध्ये थोडा हिस्सा देशात विकायची मोकळीक मिळाली, 1993 मध्ये निम्मा माल मोकळा झाला आणि सप्टेंबर 1996 मध्ये सगळा. तात्पुरता म्हणून 1940 मध्ये घातलेला फास निघायला छपन्न वर्षे लागली.

आपला पूल आठवतो?

इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्यांना हे सांगायला नको. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. नाव वेगळे, पीक वेगळे, फास तोच. मध्यस्थ हटवू, पक्क्या मालाच्या नफ्यात वाटा देऊ, असे सांगून योजना आली. पुढे काय झाले? केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, दोन-दोन रात्री गाडीखाली झोप, ग्रेडरची मर्जी, मापातला वाद आणि चुकाऱ्याची वाट. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी कापूस न्यायचा नाही. नेला तर तस्करी! सोन्याची तस्करी ऐकली होती, आपल्याच शेतातल्या बोंडाची तस्करी महाराष्ट्रात पाहिली.

आणि मालाचे काय झाले? पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र लांब धाग्याचा कापूस आणि शेवटची कवडी, ग्रेडरने एकच खूण केली की दोन्ही एका गंजीत. मग शेतकरीही शहाणा झाला. चांगल्यात वाईट मिसळू लागला. कोणी म्हणते, आपला शेतकरी अप्रामाणिक आहे. आम्ही विचारतो, वेगळे ठेवल्याचे चार पैसे जास्त कधी दिलेत? ज्या बाजारात चांगल्याला आणि वाईटाला एकच भाव, त्या बाजारात मालाची प्रत टिकत नाही. हा शेतकऱ्याचा स्वभाव नव्हे, तो हिशोब आहे. चिकमगळूरच्या अज्जांचा हिशोब आणि आपला हिशोब एकच होता.

मोकळीक म्हणजे हमी नव्हे

आता कोणी म्हणेल, पूल मोडला आणि सोन्याचा धूर निघाला. तसे झाले नाही. 1994 मध्ये ब्राझीलमध्ये दवकड्याने बागा जळाल्या, जगात भाव चढले आणि मोकळीक मिळालेल्यांच्या हातात दोन पैसे आले. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी माल उदंड झाला आणि भाव कोसळले. 2001 मध्ये न्यूयॉर्कला पौंडाचा भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. चिकमगळूर-कूर्गमध्ये घरे कर्जात बुडाली. पूलच बरा होता, असे म्हणणारेही निघाले.

आम्ही अज्जांना तेच विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वर्षांत मिऱ्यांवर घर चालवले. बायकोच्या बांगड्या गेल्या. पण पूलमध्ये भाव पडला असता तरी बांगड्या गेल्याच असत्या. फरक हा की तेव्हा मला काय करायचे ते विचारायची सोय नव्हती. आता होती." त्या पडत्या काळातच घराने ओढ्यावरचा तुकडा वेगळा तोडायला सुरुवात केली. पहिली तीन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. चौथ्या वर्षी एका भाजणाऱ्याने थोडी पोती उचलली.

आजही त्यांच्या मळ्यातला थोडाच माल नावाने जातो. बाकीचा न्यूयॉर्क-लंडनच्या भावाने. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्राझील आणि व्हिएतनामच्या अवर्षणामुळे न्यूयॉर्कचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला, 1977 चा उच्चांक त्याआधीच मोडला होता. तेव्हा साध्या मालानेही पैसे दिले. म्हणून नाव म्हणजे सगळे काही, असे समजू नका. वाईट वर्षी नाव हा एक टेकू असतो. एकाच खांबावर घर उभे नसावे, इतकेच.

सक्तीचा ढीग आणि राजीखुशीचा ढीग

एक शंका इथे येते. पाच एकरवाला एकटा काय वेगळे ठेवणार? शंका बरोबर आहे. कापसाचा हिशोब करून पाहू. सूतगिरणी सहसा शंभर गाठींच्या हिशोबात सौदा करते. गाठ 170 किलोची. म्हणजे 170 क्विंटल रुई. शंभर किलो कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते. म्हणजे कापूस लागला 500 क्विंटल. कोरडवाहू पाच एकरांत बरे वर्ष असले तर वीस-पंचवीस क्विंटल. म्हणजे एका सौद्याला वीस ते पंचवीस घरे. एका घराचा कापूस नावाने विकता येणार नाही. एका गावाचा येईल.

आंध्रातल्या अराकूच्या खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी आहे. एकेकाकडे एक-दोन एकर. ते फळ एकत्रच करतात, एकाच ठिकाणी धुतात, वाळवतात. पण राजीखुशीने, नोंद ठेवून, पिकलेल्या फळाला जास्त भाव देऊन. 2017 मध्ये त्यांच्या खोऱ्याच्या नावाचे दुकान पॅरिसला निघाले. 2019 मध्ये चिकमगळूर, कूर्ग, बाबा बुडन डोंगर, वायनाड आणि अराकू या पाच ठिकाणच्या कॉफीला भौगोलिक नावाचा हक्क मिळाला. म्हणजे एकत्र येणे वाईट नाही. सक्तीने एकत्र कोंबणे वाईट. बाहेर पडायचा दरवाजा उघडा असेल तर तो संघ, दरवाजाला कुलूप असेल तर तो कोंडवाडा.

आणि ज्वारीवाल्यांनी खाली पाहायचे कारण नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीलाही 2016 मध्ये असा नावाचा हक्क मिळाला आहे. पण नुसता कागद भिंतीला टांगून भाव येत नाही. ढीग वेगळा राहिला तरच त्या कागदाला अर्थ.

मग आपण काय करायचे?

मोठे बोलणार नाही. येत्या हंगामात प्रत्येक तालुक्यातून एका गावाने तीन गोष्टी करून पाहाव्या. वीस-पंचवीस घरांनी एकच वाण लावायचे. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस वेगळा ठेवायचा, त्यात कवडी आणि फरदड येऊ द्यायची नाही. आणि वेचणीला खताची प्लॅस्टिकची पोती न वापरता कापडी ओटी वापरायची, कारण प्लॅस्टिकचा धागा रुईत गेला की सूतगिरणी गावाचे नाव लक्षात ठेवते, पण वाईट अर्थाने. मग जिनवाल्याला विचारायचे, आमचा ढीग वेगळा पिंजून देतोस का, आणि जास्त किती देतोस? पहिल्या वर्षी तो हसेल. हसू द्या. खर्च किती वाढला आणि भाव किती वाढला, हे वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. तोटा झाला तर तोही लिहा. हिशोब जुळला नाही तर सोडून द्यायचे स्वातंत्र्यही आपलेच आहे.

आणि एक गोष्ट कधी विसरायची नाही. कोणतेही सरकार, कोणत्याही रंगाचे, "तुमच्या भल्यासाठी सगळा माल आमच्याकडेच घाला" असे म्हणत आले, तर त्याला छपन्न वर्षांचा पूल सांगा. एकाधिकाराच्या रांगा सांगा. अडचणीच्या दिवसांत आधार जरूर द्या म्हणावे, पण दाराला बाहेरून कडी लावू नका.

निघताना सूनबाईंनी आम्हाला अर्धा किलो कॉफी बांधून दिली. पिशवीवर तुकड्याचे नाव, तोडणीची तारीख आणि घराचे नाव लिहिलेले. गाडीत बसल्यावर आमच्यातला एक जुना कापूसवाला ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "पन्नास वर्षे कापूस पिकवला. माझ्या कापसाचे कापड कोणाच्या अंगावर गेले, मला माहीत नाही. आणि ज्याच्या अंगावर गेले, त्याला मी माहीत नाही."

भावांनो, मायबहिणींनो, भावाची लढाई चालूच राहील. पण माल आपला आहे, हे निदान आपल्या ढिगावर तरी लिहायला सुरुवात करू. आता कापसाच्या भावाकडे वळू.